लेलिव्हा हे पोलिश घराणेचिन्ह सागवानावर कोरायचं आहे: तारा पाच टोकी की सहा?

लाकडी_नंदी (उमरेड तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या सुतारखान्यात तान्ह्या पोळ्याचे नंदी आणि देव्हारे होतात. आता नागपूरच्या एका व्यापाऱ्यामार्फत पोलंडची ऑर्डर आली आणि गाडी अडून राहिली.

काम असं: सागवानी फलक, २० इंच रुंद, ३० इंच उंच. त्यावर घराण्याचं चिन्ह उठावात कोरायचं. ढालीत आडवी चंद्रकोर, शिंगांच्या मधे तारा. ढालीवर शिरस्त्राण, त्यावर मुकुट, मुकुटात मोरपिसं. चिठ्ठीत चिन्हाचं नाव 'लेलिव्हा', गिऱ्हाइकाचं आडनाव तार्नोव्स्की.

सोबत दोन चित्रं आली. एकात तारा पाच टोकांचा, दुसऱ्यात सहा. एकात ढालीच्या माथ्यावर नऊ टोकांचा मुकुट बसवला आहे, दुसऱ्यात तो नाहीच. रंग निळा आणि सोनेरी, पण गिऱ्हाइकाला रंग नको, लाकूड दिसायला हवं.

विचारायचं हे की कोणतं चित्र धरू? रंगाशिवाय निळं-सोनेरी दाखवता येतं का? आणि व्यापारी म्हणतो, हेच चिन्ह तिकडे शेकडो घराण्यांचं आहे, एकदा साचा बसला की पंचवीस नग काढून ठेवू, खाली आडनाव तेवढं बदलू. घराण्याचं चिन्ह शेकडो घरांचं कसं, हे काही उमगून नाही राहिलं.

---

शिक्कामोर्तब

व्यापारी अर्धा बरोबर आहे भाऊ. उरलेला अर्धा महागात पडेल. पण आधी चित्राचं बोलू.

चित्र धरू नका, वर्णन धरा. युरोपातलं घराणेचिन्ह शब्दांत ठरलेलं असतं आणि चित्रकार ते शब्द पाळून आपल्या हाताने काढतो. लेलिव्हाचं वर्णन असं: निळ्या जमिनीवर सोनेरी चंद्रकोर, शिंगं वर, शिंगांच्या मधोमध सोनेरी तारा, सहा टोकांचा. शिरस्त्राणावर मुकुट, मुकुटातून मोराचा पिसारा, पिसाऱ्यावर पुन्हा तीच चंद्रकोर आणि तोच तारा. शिरस्त्राणामागून सुटलेला कातरलेला पदर बाहेरून निळा, आतून सोनेरी. झालं. ढालीचा आकार, चंद्राची जाडी, पिसं किती, यातलं काहीही बांधलेलं नाही. ते तुमच्या हाताचं.

पिसाऱ्यावरची दुसरी चंद्रकोर आणि तारा बहुतेक स्वस्त चित्रांत गळतात. तुमच्या दोन्ही चित्रांत आहेत का, पाहून घ्या.

पाच टोकांचा तारा इंग्रजी पद्धतीतून आला आहे. इंग्लंडच्या चिन्हशास्त्रात ताऱ्याची टोकं सांगितली नसतील तर पाच धरतात, पोलंड-जर्मनीकडे सहा. इंग्रजी वर्णन वाचून कोणीतरी चित्र केलं की पाच टोकं येतात. लेलिव्हाला सहाच ठेवा. आणि आपल्या हाताला सवय आहे म्हणून ताऱ्याचा सूर्य करू नका. वीरगळावर, देवळाच्या चौकटीवर चंद्राशेजारी सूर्यच असतो, त्यामुळे किरणं नागमोडी वळायला लागतात. इथे किरणं सरळ.

मुकुटाचं नीट समजून घ्या, काऊन की तिथे लय घोळ होतो. मुकुट दोन जातीचे. एक शिरस्त्राणावर बसतो. तो पोलंडच्या कोणत्याही सरदाराच्या चिन्हात असतो, गरीब असो की श्रीमंत, कारण त्यांच्या कायद्यात सगळे सरदार एका पायरीवर. दुसरा ढालीच्या माथ्यावर किंवा शिरस्त्राणाखाली बसतो, तो पदवीचा. त्याची नऊ टोकं म्हणजे काउंट. जुन्या पोलंडमध्ये अशा पदव्यांना फारसा थारा नव्हता. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत देश ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशियात वाटला गेला, आणि काउंटपण पुष्कळ घरांना त्या नव्या मालकांकडून मिळालं. तार्नोव्स्कींत काउंट होते, पण आडनाव तार्नोव्स्की म्हणून प्रत्येक जण काउंट नाही. गिऱ्हाइकाने स्वतः लेखी सांगितलं तरच नऊ टोकं कोरा. एरवी शिरस्त्राणावरचा साधा मुकुट पुरे: समोरून दिसणारी पानांसारखी तीन टोकं आणि त्यांच्या मधे दोन मोती.

शेकडो घराण्यांचं रात्री लिहितो, ते थोडक्यात आटोपण्यासारखं नाही.

---

सीपी_टीक

लाकडाच्या बाजूने सांगतो.

बाहेरून २० बाय ३० असेल तर उभी वाटणी अशी: ढाल १४ इंच, शिरस्त्राण ५, पिसारा ७. झाले २६. वर-खाली दोन-दोन इंच मोकळे. ढालीची रुंदी १२, दोन्ही बाजूंना पदर तीन-तीन इंच, कडेला एकेक इंच सुटतो.

२० इंचाची अखंड फळी शोधू नका. मिळाली तरी वाकेल. जोड द्या, पण पाच-पाच इंचाच्या चार पट्ट्या जोडू नका. चार पट्ट्यांत मधला सांधा नेमका ताऱ्याच्या पोटातून जातो. चार-चार इंचाच्या पाच पट्ट्या घ्या. मग मधली पट्टी अखंड राहते, तीन इंचाचा तारा तिच्यात पूर्ण मावतो, आणि बाहेरचे दोन सांधे बरोबर ढालीच्या कडांवर पडून झाकले जातात. रंधून दीड इंच जाडी उरली पाहिजे. पांढरा भाग असलेली पट्टी घेऊ नका, पॉलिशखाली तो वेगळा दिसतो आणि कीडही आधी त्यालाच लागते. सागाला तेल असतं, म्हणून जोडायच्या कडा रंधल्याबरोबर त्याच दिवशी गोंद लावा. दोन दिवस पडून राहिल्या तर पुन्हा हलकासा रंधा मारा.

रेषा उभी ठेवा, म्हणजे लाकडाचे तंतू वरून खाली. कारण चंद्राच्या शिंगांची टोकं वर जातात, तंतूंच्या दिशेने, म्हणून टिकतात. आडव्या रेषेत तीच टोकं पहिल्या आठवड्यात हातात येतील.

चंद्राची आखणी परकारने करा, डोळ्याने करू नका. पहिलं वर्तुळ ४ इंच त्रिज्येचं. त्याच्या मध्यबिंदूपासून सरळ वर पावणेदोन इंचावर खूण करा. तिथून साडेतीन इंच त्रिज्येचं दुसरं वर्तुळ मारा. दोन्हींच्या मधला खालचा भाग म्हणजे चंद्रकोर. पोटाशी जाडी सव्वादोन इंच येते आणि शिंगांच्या टोकांमधलं अंतर सात इंच. ताऱ्याचा मध्य पहिल्या वर्तुळाच्या मध्यबिंदूच्या दीड इंच वर, त्रिज्या दीड इंच. असं केलं की ताऱ्याचं वरचं टोक शिंगांच्या इंचभर वर निघतं आणि खाली चंद्राच्या पोटापर्यंत पावणेदोन इंच मोकळं राहतं. ढालीच्या वरच्या कडेपासून ताऱ्यापर्यंत अडीच इंच सोडा. खाली जास्त जागा उरेल, ती उरू द्या, ढाल तिथे निमुळती होते.

ताऱ्यासाठी दीड इंचाच्या वर्तुळावर तोच परकार सहा वेळा फिरवा, सहा टोकं मिळतात. एक टोक सरळ वर. आतल्या खाचा पाऊण इंचाच्या किंचित आत घ्या. त्यापेक्षा बाहेर घेतल्या तर दोन त्रिकोण एकमेकांवर ठेवल्यासारखा तारा दिसतो आणि लोक त्याला यहुदी तारा समजतात. प्रत्येक किरणाच्या मधोमध धार ठेवून दोन्ही बाजूंना उतार द्या. वरचं-खालचं टोक मजबूत राहील, बाजूची चार टोकं तंतूंना आडवी जातात म्हणून नाजूक. ती सुईसारखी करू नका, टोकाला दोन मिलिमीटर जाडी सोडा आणि खालून पोखरू नका.

उठाव चंद्राचा चार सूत, ताऱ्याचा तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ढालीची जमीन पूर्ण सपाट न ठेवता मधोमध सूतभर फुगीर ठेवली तर उजेड छान खेळतो. सागात वाळूचा अंश असतो, पटाशी लवकर बोथट होते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दगडावर घ्यावी लागेल, नाहीतर जमीन चिरडल्यासारखी दिसते.

रंगाशिवाय निळं कसं दाखवायचं, ते चिन्हशास्त्रवाले सांगतीलच.

---

शिक्कामोर्तब

सांगतो. त्यावर जुना तोडगा आहे. रंगांना रेघांची भाषा दिलेली आहे. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइट धर्मगुरूच्या १६३८च्या ग्रंथामुळे ती युरोपभर पसरली, म्हणून त्याच्याच नावाने ओळखली जाते. सोनेरी म्हणजे ठिपके. चांदी म्हणजे कोरं. निळा म्हणजे आडव्या रेघा, तांबडा म्हणजे उभ्या. काळ्याला आडव्या-उभ्या दोन्ही. हिरव्याला तिरप्या, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला वरून उजवीकडे खाली.

तर तुमच्या ढालीच्या जमिनीवर आडव्या रेघा, चंद्रावर आणि ताऱ्यावर ठिपके. जाणकार माणूस बिनरंगी लाकूड पाहूनही निळं-सोनेरी वाचतो. फक्त रेघा आणि रंग दोन्ही एकत्र वापरू नका. रेघा रंगाच्या ऐवजी असतात. निळा रंग लावून वर आडव्या रेघा म्हणजे 'पाणी ओलं आहे' अशी पाटी लावणं.

---

सीपी_टीक

आडव्या रेघा म्हटल्या की आमच्या बाजूने पंचाईत, बाप्पा. तंतू उभे, रेघा आडव्या. व्ही पटाशी सरळ ओढली तर प्रत्येक तंतूवर कड फुटते आणि रेघ कुरतडल्यासारखी दिसते. म्हणून आधी पोलादी पट्टी धरून धारदार सुरीने रेघेच्या दोन्ही कडा कापून घ्या, मिलिमीटरभर खोल. मग मधलं व्ही पटाशीने काढा. रेघ दीड मिलिमीटरपेक्षा खोल नको, दोन रेघांमधे चार मिलिमीटर. ढाल भरायला साधारण ऐंशी रेघा येतील. चंद्राच्या कडेपाशी रेघ पोचताना पटाशी उलटी फिरवा, चंद्राकडून बाहेर या, नाहीतर चंद्राचा काठ उडेल.

ठिपके मारायला गोल टोकाचा पंच, पाच मिलिमीटर अंतरावर, हातोडीचा एकच ठोका. दोन ठोके मारले की ठिपका लांबट होतो. ताऱ्यावर ठिपके किरणाच्या धारेवर नको, दोन्ही उतारांवर.

---

बेंबळाकाठ

म्हणजे हे आपल्या देवकासारखंच ना? मोरपीस, कळंब, पंचपल्लव. एक देवक अनेक आडनावांत असतं, तसंच शेकडो घराण्यांचं एक चिन्ह. उगाच अवघड करून ठेवलं राजेहो.

---

शिक्कामोर्तब

जवळ आलात, पण एक मोठा फरक. देवक एक असलं की आपल्याकडे सोयरीक होत नाही, कारण मूळ एक मानलेलं असतं. पोलंडात चिन्ह एक म्हणून लग्न अडत नव्हतं, कारण एका चिन्हाखालची सगळी घरं एका रक्ताची नव्हतीच. चर्चचे नात्याचे नियम वेगळे, ते खऱ्या नात्यावर चालायचे.

त्यांच्या भाषेत चिन्हाला 'हेर्ब' म्हणतात. पश्चिमेकडे प्रत्येक घराचं चिन्ह निराळं असतं आणि धाकट्या भावाला त्यात काही खूण वाढवावी लागते. पोलंडात तसं नाही. एक हेर्ब, त्याखाली डझनावारी किंवा शेकडो आडनावं, आणि थोरला-धाकटा सगळे तेच वापरतात. हेर्बला स्वतःचं नाव असतं, म्हणून कागदोपत्री माणूस 'अमुक तार्नोव्स्की, हेर्बू लेलिव्हा', म्हणजे लेलिव्हा चिन्हाचा, असा येतो. पुष्कळ हेर्बांची नावं लढाईतल्या हाकेवरून आली. त्या हाकेवर एका गटाचे लोक एका निशाणाखाली जमायचे.

लेलिव्हाखाली घरं कशी जमली, ते तीन वाटांनी पाहा.

पहिली वाट रक्ताची. क्राकूवचा गढपाल स्पिचिमिर. १३३० मध्ये राजा व्वादिस्वाव वोकेतेककडून त्याने तार्नूव वसवायची सनद घेतली. त्या शहराच्या चिन्हात आजही चंद्र आणि तारा आहे. त्याच्या वंशजांनी गढ्या वाटून घेतल्या आणि जो जिथे बसला, त्या गावावरून त्याचं आडनाव पडलं. तार्नूवचे ते तार्नोव्स्की, मेल्श्तिनचे ते मेल्श्तिन्स्की, यारोस्वावचे ते यारोस्वाव्स्की. पोलिशमधला 'स्की' म्हणजे आपला 'कर' समजा. रक्त एक, चिन्ह एक, आडनावं तीन. मेल्श्तिनचा स्पितेक १३९९ मध्ये व्होर्स्क्ला नदीवर तातारांशी लढताना पडला. सगळ्यांत नावाजलेला हेतमान, म्हणजे सेनापती, यान तार्नोव्स्की (१४८८–१५६१), ज्याने १५३१ मध्ये ओबेर्तिनला मोल्दाव्हियाच्या फौजेला हरवलं. त्याचा मुलगा १५६७ मध्ये वारला आणि तार्नूवची ती शाखा पुरुषवंशात संपली. आजचे तार्नोव्स्की दुसऱ्या शाखांचे. १५९३ मध्ये वसलेलं तार्नोब्झेग त्यांच्यापैकीच एका शाखेचं.

दुसरी वाट दत्तकाची, आणि व्यापाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. २ ऑक्टोबर १४१३ रोजी होरोद्वोला पोलंड आणि लिथुएनिया यांचा करार झाला. पोलंडच्या ४७ सरदार गटांनी लिथुएनियाच्या ४७ कॅथलिक सरदारांना आपापल्या चिन्हात घेतलं. लेलिव्हा मिळाला विल्नोचा व्होइव्होद, म्हणजे प्रांताधिकारी, मोनिव्हिद याला. तार्नोव्स्कींशी त्याचं रक्ताचं नातं शून्य, पण त्या दिवसापासून चंद्र-तारा त्याचाही.

तिसरी वाट पुढच्या शतकांत रुंदावली: सरदारकी मिळवताना, सिद्ध करताना किंवा नुसती सांगताना जुनं वजनदार चिन्ह धरणं. तिथे खरं-खोटं दोन्ही मिसळलेलं आहे.

अशी सगळी मिळून लेलिव्हाखाली शेकडो आडनावं येतात. मोठी नावं सांगायची तर शेन्याव्स्की, ज्यांची बेरेझानीची गढी आता युक्रेनमध्ये आहे आणि ज्यांचा पुरुषवंश १७२६ मध्ये संपला. तिश्किएविच. हुत्तेन-चाप्स्की, ज्यांच्या नाण्यांच्या संग्रहाचं क्राकूवात संग्रहालय आहे. कवी युलिउश स्वोवात्स्की. आणि विटोल्ड पिलेत्स्की, जो १९४० मध्ये मुद्दाम पकडला जाऊन ऑशविट्झमध्ये शिरला, १९४३ मध्ये तिथून निसटला आणि १९४८ मध्ये पोलंडच्याच कम्युनिस्ट राजवटीने ज्याला मारलं.

आपल्या चांद्याच्या परकोटावर हत्तीवर झेपावणारा सिंह आहे, ते गोंड राजघराण्याचं, एकाच गादीचं चिन्ह. त्या मापाने लेलिव्हा मोजू नका.

---

वैनगंगा_पार

नामावळी ठीक. आता पंचवीस नगांचं बोलू या, कारण पैसे तिथे बुडतात.

चिन्ह एक आणि आडनावं शेकडो हे खरं. पण उलटं खरं नाही: आडनाव एक म्हणून चिन्ह एक नाही. 'स्की' गावावरून येतो आणि एकाच नावाची गावं ढिगाने असतात. 'दोम्ब्रोवा' म्हणजे ओकची राई, अशी गावं पोलंडभर. त्यावरून आलेलं दोम्ब्रोव्स्की हे आडनाव कितीतरी वेगवेगळ्या हेर्बांखाली सापडतं, आणि सरदारकीशी काडीचा संबंध नसलेले दोम्ब्रोव्स्कीही पुष्कळ. आपल्याकडे अमरावती-अकोल्यात वानखडे किती समाजांत आहेत, ते आठवा.

म्हणून नग काढून ठेवायचे तर बिनआडनावाचे काढा. पोलिश पद्धतीत ढालीखाली आडनावाची पट्टी नसतेच मुळी, ती भेटवस्तूंच्या दुकानांची हौस. खाली काही लिहायचंच असेल तर हेर्बचं नाव 'लेलिव्हा' लिहा. स्पेलिंग एल-ई-एल-आय-डब्ल्यू-ए, व्ही नाही. पोलिशमध्ये डब्ल्यूचा उच्चार व्ह.

ऑर्डर येईल तेव्हा गिऱ्हाइकाला तीन गोष्टी लेखी मागा: हेर्बचं नाव, घराणं मूळ कोणत्या गावचं, आणि आडनाव कोरायचं असल्यास मोठ्या अक्षरांत छापलेलं. शेवटचं फार महत्त्वाचं. पोलिश एलवर कधी तिरपी काट असते, एनवर कधी टिंबासारखी तिरकी रेघ, ईला कधी खाली शेपटी. ती काट सुटली की अक्षर बदलतं. काट असलेला एल 'व' सारखा वाचतात, नसलेला 'ल'. बाईचं नाव असेल तर 'स्की'चं 'स्का' होतं, ते दुरुस्त करायला जाऊ नका.

पडताळणी करायची तर नियेशेत्स्की या जेझुइटाचा अठराव्या शतकातला घराणेकोश आहे. त्याची १८३९ ते १८४६ मधली लाइपत्सिगची आवृत्ती पोलिश डिजिटल ग्रंथालयांत फुकट पाहता येते. आडनाव शोधा, शेजारी हेर्ब दिलेला असतो. एका आडनावाला दोन-तीन हेर्ब दिसले तर घाबरू नका, तेव्हाच गावाचं नाव उपयोगी पडतं. मात्र कोशात आडनाव सापडलं म्हणजे गिऱ्हाईक त्याच घरचं, असं होत नाही. ते सिद्ध करणं तुमचं काम नाही, आणि तसं प्रमाणपत्र फलकासोबत द्यायचा व्यापाऱ्याचा बेत असेल तर हात वर करा. १९२१च्या राज्यघटनेने पोलंडमध्ये सरदारकी, पदव्या आणि चिन्हांना सरकारी मान्यता देणं बंद केलं. पूर्वी वॉर्सात त्यासाठी खास कचेरी होती, १८३६ ते १८६१. त्यामुळे आज कोणी 'अधिकृत घराणेचिन्ह प्रमाणपत्र' विकत असेल तर तो नुसता जाड कागद आहे.

दुसरा धोका सारख्या दिसणाऱ्या चिन्हांचा. साठा करून ठेवला की व्यापारी लांबून पाहून कोणालाही खपवेल. ही चार ओळखून ठेवा:

सास: निळी जमीन, सोनेरी चंद्रकोर, पण तारे दोन, शिंगांच्या एकेका टोकावर एक, आणि मधून वर जाणारा बाण. लेलिव्हाशी सगळ्यांत जास्त गल्लत याचीच.

शेलिगा: चंद्रकोर तशीच, पण ताऱ्याच्या जागी क्रॉस, आणि जमीन तांबडी. बिनरंगी लाकडात रेघा उभ्या याव्या लागतील.

यास्त्शेंबियेत्स: निळ्यावर सोनेरीच, पण ती चंद्रकोर नाही, घोड्याची नाल आहे, टोकं वर, पोटात क्रॉस. टोकं बोथट आणि अंगावर खिळ्यांची भोकं दिसली की नाल समजा. तुऱ्यात पिसारा नसून ससाण्याच्या जातीचा पक्षी असतो, त्याच्या पंजात पुन्हा नाल.

ओस्तोया: तांबड्यावर दोन उभे चंद्र, मधे खाली टोक केलेली तलवार.

हे 'साधारण सारखंच' म्हणून चालत नाही. ज्याच्या घरात सास आहे, त्याला लेलिव्हा पाठवला तर फलक परत येतो, आणि सागवानाचं कुरिअर परत येणं म्हणजे दोनदा भाडं.

---

लाकडी_नंदी

लय उपकार. चित्रं पुन्हा पाहिली. पाच टोकी ताऱ्याच्या चित्रात पिसाऱ्यावर चंद्र-तारा नाहीच, म्हणजे ते बाद. व्यापाऱ्याला कळवलं की नऊ टोकांचा मुकुट लेखी आल्याशिवाय होणार नाही.

दोन शंका उरल्या. आमच्याकडे मोर कोरायची सवय देव्हाऱ्याची, म्हणजे पूर्ण पक्षी. इथे नुसती पिसं कशी बसवायची? आणि गावाजवळच्या सीएनसीवाल्याकडून, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनने, जमीन खोदून घेतली तर चालेल का? हातानं ती खोदायलाच चार दिवस जातील.

---

सीपी_टीक

पक्षी अजिबात नको. मुकुटातून पंख्यासारखा उघडलेला पिसारा, बस. पिसं विषम घ्या, सात बसतात. मधलं उभं, बाकी दोन्हीकडे झुकलेली. डोळे सगळ्या पिसांना काढा, पण मधल्या तीन पिसांच्या अंगावर चंद्र-तारा येणार आहे हे धरून तिथले डोळे वर सरकवा. तुऱ्यातला चंद्र ढालीतल्याच्या साधारण निम्म्या मापाचा, बाहेरून चार इंच. तिथे खोली जास्त घेऊ नका, पिसारा सहा सूत जाड आणि त्यावर चंद्राचा उठाव दोन सूत पुरे.

सीएनसीने फक्त जमीन खोदून घ्या, काठापासून दोन सूत सोडून. ताऱ्याच्या आतल्या खाचा मशीनला दिल्या की गोल होतात, कारण गोल फिरणारं पातं कोपऱ्यात शिरत नाही. त्या हातानेच.

फाईल देताना आरशातली तर नाही ना, हे बघा. लेलिव्हा दोन्ही बाजूंना सारखा, म्हणून उलटला तरी ढालीत कळत नाही. पण शिरस्त्राण तिरपं काढलेलं असेल तर त्याचं तोंड पाहणाऱ्याच्या डावीकडे हवं. उजवीकडे गेलं म्हणजे चित्र उलटलं. ट्रेसिंग पेपर पालथा पडला तरी हेच होतं.

मागच्या पट्ट्या: दोन आडव्या, गोंद न लावता. मधला स्क्रू घट्ट, कडेचे स्क्रू दोन सूत लांबीच्या आडव्या खाचांत, वायसर घालून. आपला उन्हाळा, मग पावसाळा, मग तिकडची हिवाळ्यात हीटर लावलेली कोरडी खोली. २० इंच रुंदीत सूत-दीड सूत आक्रसणं ठरलेलं. पट्टी चिकटवली असेल तर फलक ताऱ्याशेजारच्या सांध्यावर फाटतो.

फिनिशिंगला चपडी पॉलिश, पातळ करून चार-पाच हात. जाड सीलर नको, तो ठिपक्यांत आणि रेघांत भरतो आणि निळं-सोनेरी दोन्ही पुसून जातं. पहिल्या हातानंतर रेघांतून जुना दात घासायचा ब्रश फिरवा.

---

वैनगंगा_पार

पेटीचं राहिलं. परदेशात जाणाऱ्या पेटीला कच्च्या लाकडाच्या फळ्या वापरल्या तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, नाहीतर तिकडच्या बंदरात अडते. प्लायवूडच्या पेटीला तो लागत नाही. १२ मिलिमीटर प्लाय घ्या, आणि कोपऱ्यांना आधाराचे तुकडेही प्लायचेच ठेवा. लोक तिथेच जंगली लाकडाचा ठोकळा मारतात आणि फसतात. फलक पालथा ठेवू नका, भार पिसाऱ्याच्या टोकांवर येतो. सागवान घेतल्याचं बिल पेटीच्या कागदांत लावा.